अंगावरून पांढरं जातंय? आधी या चुका टाळा

माझी मुलगी बारा वर्षांची असताना एक दिवस बाथरूममधूनच ओरडली, "आई, निकरला काहीतरी चिकट लागलंय गं!" पाळी अजून सुरू झाली नव्हती तिची. मला एकदम आजीचं बोलणं आठवलं, पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून त्याचं पाणी होतं, आणि मी त्याच संध्याकाळी तिला घेऊन डॉक्टर बाईंकडे पोचले. बाईंनी शांतपणे सांगितलं की पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधी असं जायला लागतं, शरीर तयार होतंय, औषध काहीच नको. माझी पहिली चूक हीच, नॉर्मल गोष्टीला आजार समजायचं.

हाडांचा आणि याचा काडीचा संबंध नाही. योनीमार्ग स्वतःला साफ ठेवतो, ते हे पाणी. दिवसाला साधारण अर्धा ते एक चमचा जाऊ शकतं. पाळी आणि पाळीच्या मधल्या दिवसांत, अंडं सुटतं तेव्हा, ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं पारदर्शक असतं, दोन बोटांत धरलं तर तार निघते, नंतर पाळी जवळ आली की दाट, दुधाळ होतं. गरोदरपणात वाढतं, तांबी बसवल्यावरही काहींना थोडं वाढल्यासारखं वाटतं. आणि काळ्या निकरवर मधोमध फिकट केशरी पट्टा पडतो ना, धुऊनही जात नाही, तो घाणीचा डाग नाही, आतलं पाणी आंबट असतं म्हणून कापडाचा रंग उडतो. मला हे चाळिशीत कळलं, तोपर्यंत मी त्या निकर लपवून टाकून देत होते.

आंबट का असतं ते कळलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद म्हणा, ते आम्ल तयार करतात आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात, त्या आंबटपणात वाईट जंतूंना जम बसवता येत नाही. आता तुम्ही आत साबण, डेटॉलचं पाणी, तुरटी, कडुलिंबाचा काढा, नाहीतर ते सुगंधी वॉश घातलंत की मरतात कोण, तर हे राखणदारच. मग वास येतो, वास येतो म्हणून अजून धुतो, आणि चक्र सुरू. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत बोट घालून काहीही धुवायचं नाही. दही किंवा लसूण आत ठेवायचे व्हिडिओ फिरतात तेही नको. बाळंतिणीला शेगडीवर बसवून खालून धुरी देतात काही घरांत, टाके ओले असताना ती जागा भाजू शकते, सासूबाईंना वाईट वाटलं तरी नाही म्हणा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मेडिकलमधून ट्यूब आणणं. दुकानात चार माणसं उभी असतात, आपण हळूच "खाजेचं काहीतरी द्या" म्हणतो आणि तो जे देईल ते लावतो. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि मग बुरशी दुप्पट पसरते. दुसरं म्हणजे मैत्रिणीला लागू पडली म्हणून फ्लुकोनाझोलची १५० ची एक गोळी घेऊन टाकणं. ती बुरशीवर चालते, सगळ्यावर नाही. फोडलेल्या दह्यासारखं दाट, भयंकर खाज, आग, पण वास फारसा नाही, असं असेल तर बहुतेक बुरशी. पातळ, राखाडी, मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, तर चांगल्या-वाईट जंतूंचा तोल बिघडलेला असतो, त्यावर बुरशीची गोळी काहीच करत नाही. पिवळट हिरवं, फेसाळ, तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा जंतू, असू शकतो. पण नुसतं बघून डॉक्टरसुद्धा फसतात, म्हणून तपासून घ्या. आणि दिवस गेलेले असतील तर मनाने गोळी अजिबात नको.

माझं स्वतःचं सांगते. एका वर्षात तीनदा मी ट्यूब आणली, बरं वाटायचं, परत यायचं. चौथ्यांदा बाईंकडे गेले तर त्यांनी आधी रक्तातली साखर तपासायला लावली, आणि डायबेटिस निघाला! साखर जास्त असली की बुरशीला खाऊच मिळतो, आता साखर आटोक्यात आल्यापासून तो त्रास नाही. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही असं होतं, म्हणून कुठली औषधं चालू आहेत ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

योनीत ठेवायची आतली गोळी देतात तिच्या बाबतीत पण खूप गोंधळ. ती तोंडाने घ्यायची नसते, माझ्या एका नातेवाईक बाईने पाण्याबरोबर गिळली होती कारण कोणी नीट समजावलंच नाही. रात्री झोपताना, हात धुऊन, बोटाने जाईल तितकी आत सरकवायची आणि सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करायचे, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. मध्येच पाळी आली तर काय करायचं ते औषध घेतानाच विचारून ठेवा.

नवऱ्याला औषध न देणं ही अजून एक. ट्रायकोमोनासमध्ये दोघांनी एकदम घ्यावंच लागतं, नाहीतर तो तुम्हाला परत देतो. मासळीसारख्या वासाच्या आजारात पूर्वी पुरुषाला औषध द्यायचे नाहीत, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला १६४ जोडप्यांचा अभ्यास आला, त्यात दोघांना औषध दिलं तिथे १२ आठवड्यांत आजार परत आला तो ३५ टक्के बायकांना, आणि फक्त बाईलाच दिलं तिथे ६३ टक्के. डॉक्टरांना याबद्दल सरळ विचारा.

कपड्यांचं थोडक्यात. आपल्याकडे निकर दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, पावसाळ्यात तर ती वाळतच नाही आणि तशीच दमट घातली जाते. उघड्यावर उन्हात घाला, पावसात इस्त्री फिरवा, सुती वापरा.

कंबर दुखते, गळून जायला होतं, त्याचा दोष लगेच पांढऱ्यावर टाकू नका, हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया निघाला.

उलट टोकाची चूकपण आहे, काहीच न बोलणं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावर काढत काढत मग एक दिवस कोणीतरी सांगतं, गर्भपिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पांढरं जातं एवढ्यासाठी पिशवी काढायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

वाट न बघता जायचं ते कधी? पाळी कायमची गेल्यावर परत रक्त किंवा लालसर पाणी दिसलं तर, संबंधानंतर रक्त गेलं तर, ओटीपोटात दुखून ताप आला तर, गरोदरपणात एकदम पाण्यासारखं वाहायला लागलं तर. जाण्याआधी आतून धुऊ नका, एक-दोन दिवस आत क्रीम घालू नका, नाहीतर तपासणीत काही सापडतच नाही. पैशाची किंवा ओळखीच्या डॉक्टरची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट, पांढऱ्यासाठी बहुतेकदा हिरव्या पाकिटातल्या गोळ्या देतात. नाव-गाव बाहेर जात नाही, आणि तुम्ही काय सांगताय ते तिथल्या सिस्टरने रोज ऐकलेलं असतं.