कडाक्याच्या थंडीत पेलेट स्टोव्हची आच वाढवताना
अमेरिकेतील व्हरमाँटसारख्या भागात पारा शून्याखाली उतरला, की पेलेट स्टोव्हची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या घट्ट गोळ्या जाळून खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीची, आच एकदम सर्वांत वरच्या आकड्यावर नेण्याचा मोह होतो. पण त्याआधी स्टोव्ह बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर, लाकडाच्या गोळ्या ज्या भांड्यात जळतात त्याची भोके राखेने बुजलेली नाहीत ना, हे पाहावे. मग आच एकेक पायरीने वाढवून प्रत्येक वेळी अर्धा तास ज्योत न्याहाळावी. ती लांब, सुस्त, टोकाशी काळपट असेल आणि काच काजळत असेल, तर हवा कमी पडते आहे. अशा वेळी गोळ्यांचा पुरवठा वाढवणे व्यर्थच, ज्वलनाची हवा थोडी वाढवावी. न जळलेल्या गोळ्या बाहेर उडत असतील, तर ही हवा घटवावी. खोलीत ऊब पसरवणारा पंखाही आचेबरोबर वाढवावा, नाहीतर बरीच उष्णता धुरांड्यातून वाया जाते.