दुनळीच्या नळीवरचे जुने डाग

2024 च्या लोकसभेच्या आचारसंहितेत जमा केलेली माझी बाराबोअर दुनळी बंदूक जूनमध्ये घरी आणली. ओसरीवर उजेडात धरली तर डाव्या नळीवर चार बोटं उमटलेली. कुणीतरी घामेजल्या हातानं नळीला धरून ती उचलली होती आणि तेलाचं फडकं न फिरवता तशीच ठेवून दिली होती. प्रत्येक बोटाचा तांबूस ठसा, करंगळीचा सगळ्यात लहान, आणि मधल्या बोटाच्या तर रेघा मोजता येत होत्या. घामात मीठ असतं, आणि लोखंडाला मीठ साध्या पाण्यापेक्षा लवकर खातं. फार वाईट वाटलं. ही बंदूक वडिलांची.

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या विभागात, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, आता मोरणा खोऱ्यात शेती करतो. आमच्या पाटण तालुक्यात पीक राखणीच्या परवान्यावरच्या जुन्या बंदुका बऱ्याच आहेत. काही वारशानं आलेल्या, काही सेकंडहँड घेतलेल्या. इथला पाऊस कसा असतो ते आम्हाला विचारा, भिंतींनासुद्धा बुरशी धरते. मग डाग पडणारच. पण डागापेक्षा तो काढायच्या घाईनं बिघडलेल्या नळ्या मी जास्त बघितल्यात. डाग दिसला की माणूस आधी चिंच नाहीतर लिंबू शोधतो. तेवढं करू नका.

कारण असं. नळीचा निळसर काळा रंग वरून मारलेला नसतो. तोसुद्धा लोखंडाचा गंजच असतो, फक्त मुद्दाम चढवून घट्ट बसवलेला, काळा. तांबडा गंज सैल असतो, ओल धरतो आणि आत खात जातो. काळा जागेवर बसतो आणि तेल धरून ठेवतो. आंबटाला या दोघांतला फरक कळत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, दुकानातलं गंज काढायचं लिक्विड, सगळं तांबड्याबरोबर काळंही उतरवतं. मग नळी पांढरी उघडी पडते आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजते.

हात लावायच्या आधी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. काम परवानाधारकानंच करावं. परवाना नसलेल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे साफ करायला देणं हा शस्त्र कायदा 1959 खाली गुन्हा ठरतो. नंबर आणि कोरलेले ठसे असलेल्या जागी पॉलिश पेपर, बफ काही चालवू नका. नंबर पुसणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, आणि जुन्या बंदुकीचा नंबर आधीच झिजलेला असतो.

नळी आणि दस्ता वेगळे करा. दस्त्याच्या लाकडात तेल मुरलं की लाकूड मऊ पडतं.

आता डाग ओळखा. पांढऱ्या सुती चिंधीवर रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन डागावर मिनिटभर हलकं फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विडी-शेगडी नको. चिंधी पिवळट चिकट झाली तर तो गंज नाही, जुनं तेल आहे. आमच्याकडे पूर्वी घरातलं करडईचं तेलच बंदुकीला लावायचे, आणि करडईचं तेल वाळून वार्निशासारखं तपकिरी बसतं. लोक त्यालाच गंज समजून खरवडतात. तो थर टर्पेंटाइननं दोन-तीन वेळा भिजवला की आपोआप सुटतो. चिंधीवर तांबडी भुकटी आली तर मात्र गंज.

आणखी दोन गोष्टी डागासारख्या दिसतात पण डाग नसतात. चापाच्या वरच्या पोलादी भागावर, म्हणजे ॲक्शनवर, निळे-तपकिरी ढग दिसतात. ते कारखान्यात पोलाद कडक करताना आलेले रंग आहेत, घासले की कायमचे जातात. आणि फार जुन्या इंग्रजी बंदुकीच्या नळीवर लाकडाच्या नसांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. ती घासू नका, आणि तपासून घेतल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूसही घालू नका.

गंजाला माझं हत्यार म्हणजे भोकाचा पैसा. 1943 ते 1947 दरम्यानचं हे मधे भोक असलेलं नाणं आईच्या डब्यात होतं. हा पैसा ब्राँझचा आहे, म्हणजे गंजापुढे कडक आणि नळीच्या पोलादापुढे मऊ. गंजावर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा, शिवणयंत्राचं चालेल. सकाळी पैशाची कड तिरकी धरून नळीच्या लांबीच्या दिशेनं हलकेच ओढा. तेलात तांबडा गाळ येतो, तो पुसा, पुन्हा तेल, पुन्हा ओढा. माझ्या चार बोटांना तीन संध्याकाळी लागल्या. दाबायचं नाही. शेवटी फर्निचर पॉलिशवाल्यांकडे मिळणारी चार शून्य नंबरची स्टील वूल, तीही तेलात भिजवून. भांड्यांची तारेची घासणी अजिबात नको, तिचे ओरखडे जात नाहीत.

पसरलेला बारीक गंज असेल तर उकळत्या पाण्याचा उपाय आहे. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळा होतो. आधी नळी दोरीला टांगून नखानं टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर पाण्यात घालू नका, पट्टीखाली पाणी शिरलं की आतून गंजेल. वाजणारी नळी थिनरनं पुसून तेलमुक्त करा, साध्या लोखंडी पत्र्याच्या पन्हळीत ठेवून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ओता आणि अर्धा तास खळखळ उकळू द्या. आमची पन्हळ चुलीवर मावली. बाहेर काढल्यावर नळी इतकी गरम असते की पाणी लगेच उडतं. मऊ ब्रशनं काळी भुकटी झाडा, आतून गजाला चिंधी लावून कोरडी करा आणि कोमट असतानाच तेल द्या. एखादा गरम कॉस्टिक सोड्यात बुडवून नवीन काळा रंग चढवून देतो म्हणाला तर दुनळी देऊ नका. कॉस्टिक त्या पट्टीचं डाख, म्हणजे जोड धरणारा धातू, खातं.

नळीच्या आतले राखाडी पट्टे बहुतेक काडतुसातल्या प्लॅस्टिकचे आणि शिशाचे असतात. सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव, सोडून तासभर थांबा. मग ब्राँझच्या ब्रशला स्टील वूलचे चार धागे गुंडाळून घराकडून तोंडाकडे ढकला. ब्रश पूर्ण बाहेर काढूनच मागे ओढायचा, मध्येच दिशा बदलली तर तारा वाकतात. आत खड्डे दिसले तर थांबा आणि परवानाधारक गनस्मिथकडून नळीची जाडी मोजून घ्या. तोवर बार काढू नका.

साफ झाल्यावर बंदूक कापडाच्या किंवा चामड्याच्या खोळीत ठेवू नका, खोळ ओल धरते. कपाटात तोंड खाली करून उभी करा म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. तिसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून बघा, तांबडं दिसलं तर पुन्हा तेल.

माझ्या नळीवर मधल्या बोटाच्या जागी तिरक्या उजेडात अजून बारीक काळे ठिपके दिसतात. ते खड्डे आहेत. ते घालवायचे तर भोवतालचं पोलाद तेवढं खाली उतरवावं लागेल, म्हणून मी ते तेल भरून तसेच ठेवलेत.