बेरीज चोख आली, कोन मात्र चुकलेला होता

नाशिकला सिव्हिल डिप्लोमाला आलेल्या आणि पहिल्यांदा थिओडोलाइटला (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राला) हात लावणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितोय. आंतरकोनांच्या बेरजेचं सूत्र तुम्हाला शाळेपासून येतं: बाजूंच्या संख्येतून 2 वजा करा, 180 ने गुणा. सर्व्हेच्या पुस्तकात ते ‘बाजूंची दुप्पट वजा 4, गुणिले 90’ असं दिसेल. घाबरू नका, दोन्ही एकच.

मी अडकलो ते कोपऱ्यात. आम्हाला एल आकाराच्या वर्कशॉपभोवती बंद ट्रॅव्हर्स दिला होता, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावर कोन मोजत फिरून परत सुरुवातीला यायचं. सहा स्टेशनं (यंत्र लावायच्या जागा), मार्चचं ऊन. पाच कोपरे काटकोनाच्या आसपासचे, सहावा आत घुसलेला. तिथे मी दुर्बीण जवळच्या बाजूने फिरवली आणि फील्ड बुकात 89 अंश 59 मिनिटं 40 सेकंद लिहिले. बेरीज आली 540 अंश, एका सेकंदाचाही फरक नाही. घात तिथेच झाला. सहा बाजूंना 720 हवेत हे कळत होतं, पण 540 म्हणजे पंचकोनाची बेरीज, आकडा ओळखीचा. एक स्टेशन जास्तीचं लिहिलं गेलं असणार, असं आम्ही धरून चाललो आणि दोन तास ते शोधत बसलो.

शेवटी इन्स्ट्रुमेंट देणारे मामा आले. म्हणाले, “बाळा, डावा हात भिंतीला लाव आणि एक चक्कर मार.” मारली. पाच ठिकाणी डावीकडे वळलो, एका ठिकाणी उजवीकडे. डावं वळण 180 मधून वजा होतं, उजवं 180 मध्ये मिळवावं लागतं. म्हणजे त्या कोपऱ्यातला आंतरकोन प्रविशाल, म्हणजे 180 पेक्षा मोठा होता: 360 मधून माझं वाचन वजा केल्यावर 270 अंश 20 सेकंद. नवी बेरीज 720 अंश 40 सेकंद. 20 सेकंद लीस्ट काउंटच्या (म्हणजे कमीत कमी 20 सेकंद वाचता येणाऱ्या) यंत्राला सहा स्टेशनांवर 20 गुणिले 6 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 49 सेकंदांपर्यंतचा फरक चालतो. 40 सेकंद जास्त आलेली बेरीज ग्राह्य होती, आणि चोख 540 साफ चूक.

म्हणून घड्याळाच्या उलट दिशेने स्टेशनं घ्या, मागच्या स्टेशनवर शून्य लावा आणि पुढच्या स्टेशनपर्यंत दुर्बीण घड्याळाच्याच दिशेने फिरवा. मग 270 दिसले तरी 270 च लिहा. हात आपोआप जवळच्या बाजूला जातो, जाऊ देऊ नका.

आकडे बसवू नका. सीनियरचं फील्ड बुक उतरवून सबमिशन होतं, सर्व्हे येत नाही. ‘बेरीज भागिले बाजू’ ही ट्रिक फक्त सुसम बहुभुजाकृतीची, आणि सुसम प्लॉट मला अजून भेटलेला नाही. शंका आली तर आधी मामांना विचारा. त्यांनी तुमच्यासारख्या कितीतरी बॅच पाहिल्यात. पहिल्या दोन-तीन ट्रॅव्हर्सना सगळ्यांचंच चुकतं, त्यावरून सर्व्हे आपल्याला जमणार नाही असं ठरवू नका.

मागच्या महिन्यात दिंडोरीकडे एका द्राक्षबागेची मोजणी होती. सामाईक विहिरीचा चौकोन बांधातून आत आलेला, मांडवाच्या तारांतून पुढचा रॉड धड दिसत नव्हता. आठ कोपरे, 1080 अंश. शेत डाव्या हाताला ठेवून बांधाबांधाने चालून आलो, उजवी वळणं मोजली, दोन भरली, आणि मग ट्रायपॉड उघडला.