समर टायर आणि कडाक्याची थंडी: स्पोर्ट्स कार कशी चालवायची

रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, बर्फाचा मागमूस नाही, मग समर टायर (उन्हाळ्यासाठी बनवलेले टायर) असले तर काय बिघडलं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि घोळ तिथंच होतो. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, मग रस्ता कितीही कोरडा असू दे. रबर डांबराच्या बारीक खाचांमध्ये रुतलं तर ग्रिप मिळते, आणि कडक झालेलं रबर जुन्या खोडरबरासारखं नुसतं वरून घसरतं. आता ८ अंशाला सगळं झकास आणि ६ ला गाडी खड्ड्यात असं काही होत नाही, ग्रिप हळूहळू जाते आणि टायरगणिक फरक पडतो. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस सारखा रोजच्या वापराचा टायर थोडीफार थंडी सोसतो, पण पायलट स्पोर्ट कप २ असले ट्रॅकवाले टायर असतील तर १० अंशालासुद्धा जपून.

१. निघायच्या आधी थर्मामीटर बघा

आत्ताचं तापमान बघाच, पण रात्री परत येताना किती असेल तेही बघा, लोक दुपारी १२ अंशाला निघतात आणि रात्री २ अंशाला परततात. उणे ७ च्या आसपास किंवा खाली पारा गेला असेल तर विषयच संपला, गाडी हलवायची पण नाही. इतक्या थंडीत रबर वाकलं की त्याला चिरा पडू शकतात आणि चिरलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो. गाडी अशा थंडीत बाहेर राहिली असेल तर टायर ५ अंशाच्या वर येऊन दिवसभर तसेच राहू द्या, मगच चाक फिरवा. घाई असेल तर दुसरी गाडी घ्या, बस घ्या, काहीही घ्या.

२. हवा चेक करा, टायर गार असतानाच

तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधलं प्रेशर साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होतं. म्हणजे उन्हाळ्यात ३० अंशाला भरलेली हवा शून्य अंशाला ५ पीएसआयने कमी भरते, आणि तेवढ्यात स्टिअरिंग ढिलं वाटायला लागतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो गार टायरचा आकडा असतो तेवढी भरा. गंमत अशी की २० अंशाच्या गॅरेजमध्ये आकडा अगदी बरोबर दिसतो आणि बाहेर शून्याला गाडी उभी राहिली की तोच ३-४ पीएसआयने खाली येतो, तेव्हा हा फरक धरूनच भरा. आणि ग्रिप वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करणारे असतात, त्यांचं ऐकू नका. टायरवरच्या नक्षीची खोली ३ मिमीच्या खाली गेली असेल तर थंडीच्या पावसात गाडी काढूच नका.

३. पहिले काही किलोमीटर

सुरुवातीला स्टिअरिंग थरथरलं तर घाबरू नका, रात्रभर उभं राहून टायर खालून चपटा होतो, चालला की परत गोल होतो. पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून काढताना पुढची चाकं खटखट उड्या मारल्यासारखी करतात, लोक सस्पेन्शन गेलं म्हणून मेकॅनिककडे धावतात, पण बहुतेक वेळा ते रुंद, कडक टायर फरफटल्यामुळे असतं. स्टिअरिंग थोडं कमी वळवा, आवाज जातो.

मग टायर गरम करायचे. रेसमध्ये गाड्या डावी-उजवी नागमोडी चालवतात ते बघून रस्त्यावर तसं करू नका, शोभत नाही आणि उपयोग जवळपास शून्य. मागे कोणी नसेल तर सरळ रस्त्यावर मध्यम ब्रेक, मध्यम पिकअप, असं केलेलं बरं. पण इंजिन ऑइल गरम झालं म्हणजे टायर गरम झाले असं समजू नका. उलट हायवेवर सरळ एका स्पीडने तासभर गेलात तरी गार वारा आणि गार डांबर मिळून टायर गार ठेवतात, आणि मग हायवे सोडायचं गोल वळण येतं, ड्रायव्हर निवांत झालेला असतो, गाडी मात्र सरळच जायला बघते. डॅशबोर्डवर टायर प्रेशर दिसत असेल तर ते बघत राहा, निघताना होतं त्यापेक्षा २-३ पीएसआय वाढलं असेल तर टायरमध्ये थोडीफार ऊब आलीये. अर्धा तास गाडी थांबली की ती पण गेली.

४. चालवताना

स्पोर्ट मोड बंद, वेट मोड (ओल्या रस्त्यासाठीचा) असेल तर तो चालू, रस्ता कोरडा असला तरी. त्यात ॲक्सिलरेटर मवाळ होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) लवकर जागा होतो. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) बंद करायचा विचारही नको. अर्थात ही सगळी यंत्रणा फक्त आहे तेवढी ग्रिप नीट वापरते, नसलेली ग्रिप कुठून आणणार? ऑल व्हील ड्राइव्हचं (इंजिनचा जोर चारही चाकांना) पण तेच, निघायला मदत होते, ब्रेक लावताना चारही टायर तेच कडक रबर.

रिकाम्या सरळ रस्त्यावर कमी स्पीडला एकदा जोरात ब्रेक दाबून बघा, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) किती लवकर खडखडतो त्यावरून अंदाज येतो, आणि तो आला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप वाढवाल.

गिअर नेहमीपेक्षा एक वरचा ठेवा. टर्बो गाडीत वळणाच्या मध्येच टॉर्क, म्हणजे इंजिनचा जोर, धाडकन येतो, त्यावर हाच उपाय. रिअर व्हील ड्राइव्हला (इंजिनचा जोर मागच्या चाकांना) एकदम खालचा गिअर टाकलात तर इंजिन ब्रेकिंगनेच मागची चाकं सुटू, म्हणजे घसरू शकतात. ब्रेक सरळ असताना, मग वळण, मग पिकअप, एका वेळी एकच काम.

गरम टायर सुटायच्या आधी किंचाळतो, हाताला पण कळतं. गार टायर बऱ्याचदा गुपचूप सुटतो आणि मग अचानक पकडतो. गाडी वळत नसेल तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, थोडं सोडा आणि स्पीड कमी होऊ द्या. मागचा भाग निघाला तर नजर जायचंय तिकडे, हात तिकडे, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलू नका, पोर्शे ९११ सारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत तर नाहीच नाही.

५. कधी चालवायचीच नाही

बर्फ पडलं की गाडी उभी करा, इथं कौशल्य वगैरे काही कामाला येत नाही. ३ अंशाच्या खाली ओला रस्ता असेल तर पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात आणि तो पातळ बर्फ दिसत नाही.

हिवाळाभर गाडी वापरायचीच असेल तर विंटर टायरचा सेट घ्या, चारही, आणि बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का ते बघून, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. साइज गाडीच्या मॅन्युअलमधल्या यादीतलीच. काढलेले समर टायर धुऊन, वाळवून, उन्हापासून लांब आणि गोठणार नाहीत अशा जागी ठेवा, आणि कुठला टायर कुठल्या चाकाचा ते खडूने लिहून ठेवा.