जुन्या गाडीचं इंजिन ऑइल: खान्देशच्या उन्हाळ्यात ग्रेड निवडताना या चुका टाळा

अखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. माहेरवाशिणींना आणायचं असतं, लग्नसराई असते, कुणाला वणीला देवीच्या दर्शनाला जायचं असतं. त्याआधी गाडीचं ऑइल बदलायला जळगाव, धुळे, चाळीसगावच्या गॅरेजांत गर्दी होते आणि काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "उन्हाळा शे भाऊ, जाडं ऑइल टाक."

सांगणारा आपुलकीनंच सांगतो. पण हा सल्ला डोळे झाकून मानल्यामुळे चांगली चालणारी इंजिनं लवकर दुरुस्तीला आलेली आहेत. ऑइल किती जाड हवं, हे बाहेरचं ऊन ठरवत नाही आणि गाडीचं वयही ठरवत नाही. ते ठरतं कंपनीच्या पुस्तिकेवरून आणि तुमचं इंजिन आज कसं चालतंय त्यावरून.

बाहेरच्या उन्हाचा हिशोब

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे खरं. पण इंजिनाला तुमच्या-आमच्यासारखं ऊन लागत नाही. थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) नीट असेल तर कूलंटचं तापमान डिसेंबरातही आणि मेमध्येही ९० अंशांच्या आसपास राहतं. हायवेवर ऑइलचं तापमान साधारण ९० ते ११० अंश असतं. म्हणजे बाहेर १० अंश असो की ४५, इंजिनाच्या आत ऑइलचं काम जवळपास एकाच तापमानाला चालतं.

उन्हाचा खरा त्रास रेडिएटरला होतो. जाळीत कचरा अडकलेला, पंखा उशिरा सुरू होणारा, कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरचं क्षारांचं पाणी भरलेलं, अशी गाडी धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढाला तापली तर दोष ऑइलच्या ग्रेडचा नाही. तिथे २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाकून काहीही साधत नाही. रेडिएटर साफ करून घ्या, कूलंट बदला, थर्मोस्टॅट कुणी काढून टाकलाय का ते बघा. आपल्याकडे "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची वाईट सवय आहे. त्यामुळे इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि तोवर ऑइल हवं त्यापेक्षा जाडच राहतं.

पहिला आकडा वाचताना होणारी चूक

डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती जाड राहील ते सांगतो. खूप जण पहिला आकडा बघून "५ म्हणजे पाण्यासारखं, २० म्हणजे दणकट" असं ठरवून टाकतात. ते चूक आहे. ५डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही तिन्ही ऑइलं इंजिन तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक). ५० ग्रेडचा पट्टा १६.३ पासून २१.९ पर्यंत, ३० ग्रेडचा ९.३ पासून १२.५ पर्यंत.

थंडीची चाचणी शून्याच्या कितीतरी खाली होते. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांना, १५डब्ल्यूची उणे २० ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. खान्देशात हिवाळ्यात पारा आठ-दहावर आला तरी आपण शेकोट्या पेटवतो. म्हणून थंडीच्या भीतीनं महागडं ५डब्ल्यू घ्यायची गरज इथे नाही. पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० असेल तर ते बिनधास्त चालतं, आणि १५डब्ल्यू-४० मिळालं तर मी ते आधी घेईन, कारण सकाळी ते थोडं लवकर वर पोचतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितकं जाड असतं, त्याच्या साधारण सात-आठपट पातळ ते १०० अंशांना होतं. म्हणजे मे महिन्यात सकाळी सहा वाजता, ३० अंशांत, तुम्ही चावी फिरवता तेव्हा इंजिनाच्या दृष्टीनं ते गार आणि घट्टच असतं. झीज सर्वांत जास्त होते ती याच वेळी. गरजेपेक्षा जाड ऑइल रॉकर आणि कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. फिल्टरमधून जायला त्याला त्रास झाला की फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर टाळून जायची वाट) उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं. "आपल्याकडे थंडी नाही, मग जाड ऑइलनं काय बिघडणार?" याचं उत्तर हे आहे.

जाड ऑइल म्हणजे औषध नव्हे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीमुळे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

गाडी धूर मारते, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजतं किंवा ऑइलची लाइट लुकलुकते. या तिन्हींवर गॅरेजमध्ये एकच उपाय सांगितला जातो: एक ग्रेड जाड टाका. थोडे दिवस बरं वाटतं, दुखणं आत वाढत राहतं. तिन्ही लक्षणं वेगळी आहेत, ती वेगवेगळी तपासा.

आधी लाइट. ती लाल लाइट ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवते. तिची खरी परीक्षा गाडी पूर्ण तापल्यावर होते. जळगावहून धुळ्यापर्यंत गाडी चालवत आलात आणि टोलच्या रांगेत इंजिन आयडलिंगला असताना लाइट लुकलुकली, थोडी रेस दिली की गेली, तर दाब काठावर आलाय. अशा वेळी क्रम असा ठेवा. पहिल्यांदा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी. पातळी बरोबर असेल तर प्रेशर स्विच, कारण तो स्वस्त असतो आणि जुन्या गाडीत हमखास दगा देतो. तरीही लाइट येत असेल तर मिस्त्रीला स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावायला सांगा. गेज लावल्याशिवाय कुणी "बेअरिंग गेले" म्हणत असेल तर इंजिन उघडायला देऊ नका. गेजवर दाब खरंच कमी निघाला तर ऑइल पंपाच्या जाळीत साचलेला गाळ, पंपाची झीज आणि बेअरिंग, या क्रमानं बघा.

झीज पक्की झाली, लगेच इंजिन काम काढणं परवडत नाही आणि पुस्तिकेत गरम हवामानासाठी ५० ग्रेडला परवानगी आहे, तरच ४० वरून ५० वर जाण्यात अर्थ आहे. हे पैसे जमेपर्यंतचं निभावणं आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि चालत्या गाडीत, वेगात असताना लाइट लागली तर पुढच्या गावापर्यंत नेऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन तिथेच बंद करा. दाब नसताना दोन मिनिटं चालवलेलं इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ शकतं.

आता धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण तो कधी येतो त्यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपका येऊन बंद होतो? व्हॉल्व्ह सील कडक झालेत. कन्नडहून औट्रम घाट उतरताना गाडी गिअरवर सोडली, पायथ्याला चाळीसगावच्या बाजूला येऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागे निळा ढग उठला? तरीही संशय सील आणि गाइडवरच, कारण उतारावर इंजिनातली ओढ वाढते आणि ऑइल तिथून खेचलं जातं. पण चढावर, लोडवर, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). सीलचं काम तुलनेनं स्वस्त असतं, बोअर-पिस्टनचं महाग. हा फरक न बघता ५० ग्रेड ओतणं म्हणजे कमी खर्चाचं काम पुढे ढकलून मोठ्या खर्चाची वाट मोकळी करणं. पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी होणं ही हेड गॅस्केटची लक्षणं आहेत, काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचं. या दोन्हींचा ऑइलच्या जाडीशी संबंध नाही.

आणि टॅपेट. जुन्या मारुती ८०० सारख्या इंजिनात टॅपेटला स्क्रू असतो, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट जुळवायची असते. तासाभराचं काम. ते न करता आवाज दाबायला जाड ऑइल टाकणं मला पटत नाही.

डिपस्टिक नीट न बघणं

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, काडी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बघा. शेताच्या बांधावर तिरकी उभी असलेली गाडी पातळी खोटी दाखवते. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरणं हीसुद्धा चूकच आहे. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि फेस दाब धरत नाही.

काडी नाकाजवळ न्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मालक खूश असतो, "महिनाभर झाला, ऑइल थेंबभरही कमी झालं नाही, उलट वाढलंय." वाढलेली पातळी, पेट्रोलचा वास आणि बोटांवर पाण्यासारखं सुटणारं ऑइल, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर गाडी सुरू करू नका. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. इथे "ऑइल पातळ झालं" म्हणून जाड ग्रेड घेणाऱ्याचं नवीन ऑइलही आठवड्यात तसंच होतं.

काडीवर किंवा झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस दिसला तर पाणी मिसळतंय. पावसाळ्यात गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या नुसत्या झाकणाखाली थोडा फेस येतो, लांब फेरी मारली की जातो. काडीवर आला तर मात्र गॅस्केट तपासा.

बुलेटचं उरलेलं, ट्रॅक्टरचं उरलेलं

घरात अर्धा डबा पडलाय म्हणून तो गाडीत, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मोटरसायकलचं जेएएसओ एमए (जपानी मानकाचं) ऑइल ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचसाठी बनवलेलं असतं. ग्रेड जुळला तर कारचं लगेच नुकसान होणार नाही, पण ते कारसाठी नाही. उलट केलं तर जास्त वाईट: घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये टाकलं की क्लच घसरायला लागतो. पेट्रोल कारला डब्यावर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) 'एस'नं सुरू होणारं मानांकन बघा, डिझेलला 'सी'नं सुरू होणारं. काळी-पिवळी जीप किंवा जुनी डिझेल गाडी असेल तर सीआय-४ किंवा त्यापुढचं १५डब्ल्यू-४० बहुतेकांना पुरतं. पुस्तिका एकदा बघाच. डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. ती काजळी आहे आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.

सुट्टं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा घ्या, रिकामा झाला की लेबल फाडून डब्याला भोक पाडा, नाहीतर त्यातच भेसळीचा माल भरून पुन्हा विकला जातो.

'जुनी' गाडी नेमकी कोणती?

१९९० च्या दशकातली कार्ब्युरेटरची गाडी आणि २०१२ ची गाडी, दोन्ही आता जुन्याच म्हणवतात. पण नंतरच्या काही इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलतं, त्यातल्या वाटा बारीक असतात. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या अशा गाडीत "दहा वर्षं झाली, आता जाड" म्हणत २०डब्ल्यू-५० ओतलं तर पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज पडतं, कधी इंजिनाची चेक लाइटही लागते. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा मिळते.

सिंथेटिक ऑइलनं जुन्या गाडीला गळती लागते, ही भीती अर्धवट खरी आहे. चांगलं सील सिंथेटिकनं फाटत नाही. मात्र कडक झालेल्या सीलभोवती साचलेला गाळ धुतला गेला की लपलेली गळती दिसते. पाच-सहा वर्षं ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या गाडीत फ्लश (आतला गाळ धुणारं रसायन) मारू नका. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो. त्याऐवजी साधं मिनरल, योग्य ग्रेडचं, भरा आणि फिल्टरसह हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा बदला. दुसऱ्या वेळी निघणारं ऑइल किती काळं आहे त्यावरून पुढचं ठरवा.

ग्रेड बदललात तर पहिले हजार किलोमीटर दर रविवारी, गाडी गार असताना, काडी बघा आणि पातळी किलोमीटरसह डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहा. हजार किलोमीटरला पाव लिटर खाणारं जुनं इंजिन मला चिंतेचं वाटत नाही. अर्ध्या-पाऊण लिटरच्या पुढे गेलं तर ती वही घेऊन मिस्त्रीकडे जा. काढलेलं जळकं ऑइल गॅरेजमध्येच जमा करा, नाल्यात किंवा विहिरीजवळच्या मातीत ओतू नका.