बस्ता क्विंटलात मोजा: तेजी-मंदीत कापड दुकान कसं सांभाळावं

औशाच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, तिसरी पिढी. लग्नाचे बस्ते हा मुख्य धंदा. बस्त्याचा पैसा येतो सोयाबीन, तूर, हरभऱ्यातून आणि थोडाफार उसाच्या बिलातून, म्हणजे आमचा गल्ला लातूरच्या मोंढ्याला (धान्यबाजाराला) बांधलेला. भांड्याचं दुकान असो की मोबाईलचं, तालुक्याच्या गावात सगळ्यांचं तसंच. नव्याने गल्ल्यावर बसलेल्या पोरांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, नुसता भाव पाहू नका, आवकही पाहा. हे मी २०२१ साली पैसे घालवून शिकलो. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांवर गेलं. पेपरात रोज तेच, चहाच्या टपरीवरही तेच. मी बँकेतली सीसी, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाची मर्यादा, वाढवून घेतली आणि सुरतेला फोन करून नेहमीच्या दुप्पट साड्या सांगितल्या. भाव दुपटीच्या वर, तर बस्तेही तसेच मोठे होणार, असं माझं गणित. पण माल कुणाकडे होता? माझ्या खातेदारांपैकी बहुतेकांनी आदल्या दिवाळीतच चार-साडेचार हजारांनी काटा करून (माल तोलून विकून) पट्टी घेतली होती. ऑगस्टात मोंढ्यात जे थोडे कट्टे उतरत होते, ते ज्यांना दहा महिने थांबणं परवडलं त्यांचे. पुढे सप्टेंबरअखेर अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठचं उभं पीक पाण्यात गेलं. जे वाचलं त्याची रास होऊन माल बाजारात आला, तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होता. माझ्या साड्या फडताळात राहिल्या, व्याज मात्र चालू.

तेव्हापासून वहीत दोन रकाने आखतो. दर शुक्रवारी लातूरचा भाव आणि शेजारी आवक. भाव चढा आणि आवक किरकोळ असली तर जादा माल भरत नाही. दिवाळीनंतरच्या भरघोस आवकेतही भाव टिकला, तर गावात पैसा आला असं धरतो आणि मगच लग्नसराईचा माल सांगतो, तोही दोन हप्त्यांत.

भाव कशाने चढला हेही विचारत जा. सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड, म्हणजे आडत्यांच्या भाषेत डीओसी. ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते, परदेशी जाते. २०२१ मध्ये पेंड महागली, पोल्ट्रीवाले ओरडले आणि केंद्राने त्याच ऑगस्टात १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. चढ्या भावाने खाणाऱ्यांची ओरड सुरू झाली की सरकार हात घालणार, हे गृहीत धरूनच पावलं टाका. उलट बाजूही सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क सगळं धरून २७.५ टक्क्यांवर नेलं. आता सोयाबीन उठणार, असं मोंढ्यात सगळे म्हणत होते. पण पेंडीला भाव नव्हता, आणि त्या दिवाळीत सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाच्याही खाली विकलं गेलं. मे २०२५ मध्ये शुल्क उतरून १६.५ टक्क्यांवर आलं. एका बातमीवर माल भरू नये तो याच्यासाठी.

तुरीचं चक्र तर सगळ्या लातूरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. २०१५ साली डाळ किलोला २०० रुपये झाली. पुढच्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पण त्याच पावसाळ्यात पाऊस चांगला झाला आणि ज्याने त्याने तूर पेरली. देशात जवळपास ४८ लाख टन पिकली, आदल्या वर्षीच्या दुपटीजवळ. २०१७ च्या सुरुवातीला हमीभाव ५,०५० असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली भाव, खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, ट्रॅक्टरच्या रांगा. म्हणून जूनमध्ये शेजारच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन बसा आणि कुठल्या बियाण्याची पोती जास्त चाललीत ते विचारा. चढ्या भावाच्या मागे सगळा तालुका धावला असेल, तर त्या पिकावर येणारी उधारी पुढच्या वर्षी अडकणार.

आता उधारीचं, कारण दुकान बुडतं ते इथेच. गिऱ्हाईक रुपयांत बोलतं, तुम्ही मनात क्विंटल करा. साठ हजारांचा बस्ता. सोयाबीन दहा हजार असताना ते सहा क्विंटल, म्हणजे आमच्याकडच्या बऱ्या एकरातलं पीक. भाव ४,२०० झाला की तोच बस्ता चौदा क्विंटलांच्या वर जातो, दोन एकरांहून जास्त. देणं तेवढंच राहतं, फेडायला लागणारं रान दुपटीच्या वर जातं. ट्रॅक्टरचा हप्ता, लातूरच्या क्लासची फी, घराचा स्लॅब, सगळ्याचं असंच. तेजीच्या वर्षी घेतलेलं कर्ज मंदीच्या पिकातून फेडायचं असतं. म्हणून मी उधारी ठरवताना आजचा भाव धरत नाही, हमीभाव धरतो, आणि त्यातूनही न झेपणारा बस्ता असेल तर समोरच सांगतो, "काका, मानपानाची लुगडी दहा कमी करू. पाहुणे विसरतील, व्याज विसरत नाही." एकदोन जण रागावून दुसरीकडे गेले. बाकीचे अजून येतात.

स्वतःलाही हाच नियम लावा. तेजीत वरचा मजला, एसी, काचेचं शोरूम सुचतं. दर महिन्याला द्यावाच लागेल असा खर्च तेजीच्या जोरावर वाढवू नका. चार महिन्यांचे पगार आणि सीसीचं व्याज एवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवतो, ती मालात घालत नाही. फॅन्सी साडीची फॅशन सहा महिन्यांत जाते. टॉवेल, टोपी, धोतर, साधी पातळं पडून राहिली तरी आहेराला खपतात. मंदीची चाहूल लागली की मी फॅन्सी माल थांबवतो.

चाहूल कशी लागते? भावाच्या आधी दुकानात लागते. फेट्यांऐवजी टोप्या मागतात. नवरीचा शालू तोच राहतो, पण करवलीची साडी हलकी होते. बचत गटाच्या बायका हप्त्यासाठी एकमेकींकडे उसने मागतात. सराफाकडे सोनं मोडणाऱ्यांची गर्दी दिसते. लातूरला क्लासला गेलेलं पोर मध्येच परत येतं. ज्यांच्या घरचं कुणी ऊसतोडीला कधी गेलं नव्हतं, त्यांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतल्याचं कानावर येतं. यातल्या तीन गोष्टी एका महिन्यात दिसल्या की नवी मोठी उधारी बंद करा.

मंदी अंगावर आल्यावर वही उघडून नावं तीन ठिकाणी लिहा: ज्याच्याकडे आहे पण टाळतो, ज्याच्याकडे पीक आल्यावर येईल, आणि ज्याच्याकडे खरोखर नाही. पहिल्याकडे नेटाने जा. दुसऱ्याला महिन्याची तारीख देऊ नका, पिकाची द्या: सोयाबीनचं दिवाळीला, तुरीचं फेब्रुवारीत, हरभऱ्याचं पाडव्याला. तिसऱ्याकडचं व्याज सोडा, मुद्दल छोटं करून मागा. बाजाराच्या दिवशी चारचौघांत मागू नका, दारात गडी पाठवू नका. आपल्या मराठवाड्यात कर्जाच्या ओझ्याने माणसं जीव देतात. त्यांच्या वहीत आपलंही नाव असतं. दोन वर्षांपूर्वी एका खातेदाराने दुकानापुढून जायचं सोडलं होतं. मी वेळ अमावस्येला त्याच्या शेतात गेलो, कोपीपाशी बसून भज्जी-अंबील खाल्लं, पैशाचा विषय काढला नाही. निघताना तोच म्हणाला, "अण्णा, हरभऱ्यावर पाच हजार देतो." मार्चमध्ये चार हजार आणून दिले. वहीत चार जमा केले आणि उरलेल्यापुढे तुरीचा महिना लिहिला.