स्पर्धक खोटा वाटला, तर आधी एडिटिंग बघा

गाण्याच्या एका रिअ‍ॅलिटी शोची मी एडिटर होते. निकाल लागला तेव्हा हरलेल्या मुलीचा चेहरा अगदी कोरा होता. सीन उठत नव्हता, म्हणून दुपारच्या फुटेजमधली तिची एक तिरकी नजर मी तिथे जोडली. दुपारी ती घड्याळाकडे बघत होती, कारण तिला भूक लागली होती. एपिसोड लागला आणि पोरगी 'जळकी' ठरली. मला त्याची आजही लाज वाटते, म्हणून हे सांगतेय.

अशी जोडाजोड ओळखायची, तर आधी बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का बघा. आवाज एकाचा आणि पडद्यावर दुसऱ्याचा चेहरा किंवा स्वयंपाकघराचा कोपरा असेल, तर वाक्य तिथे जोडलेलं असू शकतं. 'ती स्वार्थी आहे, असं सगळे म्हणतात, पण मला नाही वाटत' यातले पहिले तीन शब्द ठेवून बाकीचं उडवणं मिनिटभराचं काम. कान देऊन ऐका: मागची एसीची घरघर मध्येच तुटते, शेवटच्या शब्दाचा सूर खाली न येता अधांतरी राहतो. बोलणारा तिथे थांबलेला नसतो, आम्ही त्याला थांबवलेलं असतं.

मग हातांकडे बघा. चहाचा कप अर्धा, पुढच्या शॉटला भरलेला, परत अर्धा. केस मोकळे, मग बांधलेले. म्हणजे ते भांडण सलग झालेलं नाही. 'बिग बॉस'सारख्या घरात कॅमेरे चोवीस तास चालू असतात आणि तुमच्यापर्यंत त्यातला तासभर येतो. कापावं तर लागतंच.

एवढं करूनही माणूस नाटकी वाटला, तर तो भांडी घासताना कसा असतो ते पाहा. ज्याचा त्याला काही उपयोग नाही, त्याच्याशी कसा बोलतो ते पाहा.

स्पर्धक आता जास्त सावध झालेत, हे मला मान्य आहे. 'बिग बॉस मराठी' २०१८ मध्ये आलं तेव्हा मराठीत तो खेळ नवा होता. आता येणारे बरेच जण जुने सीझन पाठ करून येतात. पण सावध म्हणजे खोटा नव्हे. २०१९ चा विजेता शिव ठाकरे आधी 'रोडीज' हा रिअ‍ॅलिटी शो खेळलेला होता. २०२४ मध्ये जिंकलेला सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, टिकटॉकवर आधीच गाजलेला. कॅमेरा त्याला नवा नव्हता, तरी लोकांना तो आपलाच वाटला. माझ्या मते ते बरोबरच होतं.

कमेंट टाकण्याआधी तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा तोच राग सापडला, तर लिहा. स्पर्धक लहान मूल असेल, तर तेव्हाही नको. त्या मुलीने पुढे दोन महिने तानपुऱ्याला हात लावला नव्हता, असं तिच्या आईने मला सांगितलं.